वायफायने वैताग आणलाय, नवा राउटर कोणता घेऊ? (मदत हवी आहे)

अधीर
राउटर जुना झालाय, वायफाय धड चालत नाही. कोणता घेऊ? ऑफिसातला मित्र म्हणतो जितक्या अँटेना जास्त तितका चांगला. आतल्या खोलीत मीटिंग सुरू झाली की माझा चेहरा गोठतो, आवाज तुटतो आणि पलीकडून साहेब "ऐकू येतंय का?" करत बसतात. प्लॅन वाढवून झाला, ढिम्म फरक नाही. लवकर सांगा, आजच मागवायचाय.

निवांत
मेश घ्या, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे. डोळे झाकून. माझ्याकडे तीन डबे आहेत, घरभर फिरा, कॉल तुटत नाही.

जुनाजाणता
डोळे उघडून विचारतो: राउटर कोणता, प्लॅन किती एमबीपीएसचा, राउटर कुठे ठेवलाय, तुम्ही कुठे बसता आणि मधे काय काय आहे? यातलं काहीच न सांगता "कोणता घेऊ" विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "गोळी कोणती घेऊ" म्हणण्यासारखं आहे.

अधीर
काळा आहे, दोन अँटेनांचा. प्लॅन २०० चा, आधी १०० होता.

जुनाजाणता
काळा! बरं. उलटा करा आणि स्टिकरवर काय लिहिलंय ते इथे टाका. पासवर्ड सोडून.

सावळागोंधळ
राउटर बदलू नका, फुकट खर्च. डीएनएस १.१.१.१ टाका, नेट पळायला लागतं. स्वानुभव.

तारेवरची_कसरत
डीएनएसने साइटचा पत्ता लवकर सापडतो, बास. भिंतीपलीकडे रेंज जात नाही त्याला डीएनएस काय करणार?

सावळागोंधळ
करून तर बघा, मग बोला.

अधीर
स्टिकरवर "३०० एमबीपीएस वायरलेस एन" आहे. म्हणजे राउटर ३०० चा, प्लॅन २०० चा. मग अडचण कुठे आहे?

जुनाजाणता
तिथेच आहे. एन हे वायफायचं २००९ सालचं मानक. खोक्यावरचे ३०० हे हवेतल्या जोडणीचे, तेही ४० मेगाहर्ट्‌झ रुंद चॅनेल (हवेतला रस्ता) आणि डेटाचे दोन प्रवाह एका वेळी मिळाले तर. प्रत्यक्षात डाउनलोडला त्याच्या निम्मे मिळाले तरी खूप. आसपास दहा-वीस वायफाय असतील तर ४० चं रुंद चॅनेल विसराच.

दुसरं म्हणजे या वर्गातल्या बहुतेक राउटरांचे पोर्ट (वायर खोचायच्या जागा) १०० एमबीपीएसचे असतात. तुमचेही तसेच असले तर आत १०० च्या वर काही शिरणारच नाही. २०० चा प्लॅन दारात उभा राहील. लॅपटॉपला वायर जोडून स्पीड टेस्ट करा, मग वायफायवर राउटरशेजारी उभं राहून, मग आतल्या खोलीत. तिन्ही आकडे हवेत.

निवांत
एवढी परीक्षा कशाला घेताय त्यांची? मेश लावा, मोकळे व्हा.

तारेवरची_कसरत
मेशचे डबे एकमेकांशी बहुधा वायफायनेच बोलतात हो. जिथे रेंज नाही तिथे दुसरा डबा ठेवला तर त्यालाही रेंज नाही. वायर टाका. वायरीला भिंत दिसत नाही.

निवांत
भाड्याच्या घरात भिंती फोडू का?

तारेवरची_कसरत
फोडायला कोण सांगतंय? पातळ चपटी केबल मिळते, दाराच्या चौकटीवरून चिकटवत नेता येते.

अधीर
भांडू नका, माझी मीटिंग आहे. वायरने ९४. वायफायवर शेजारी उभं राहून २१. आत ३-४, कधी तेही नाही.

जुनाजाणता
९४ म्हणजे १०० चा पोर्ट, ठरलं. वाढवलेला प्लॅन वायाच जातोय.

कोरा_कागद
थांबा. शेजारी उभं राहून फक्त २१? जुना एन असला तरी याच्या दुप्पट तरी यायला हवेत. फोनमध्ये वायफायच्या नावावर टॅप केलं की "लिंक स्पीड" (फोन आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग) दिसतो, तो किती आहे?

अधीर
५४. आज तीनदा बघितला, हलतच नाही.

कोरा_कागद
वाटलंच. ५४ ही एनच्या आधीच्या, २००३ च्या "जी" मानकाची कमाल मर्यादा. राउटरच्या पानावर जा (पत्ता स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), वायरलेस सिक्युरिटी उघडा. तिथे टीकेआयपी (वायफायला कुलूप लावायची जुनी पद्धत) निवडलेलं असणार. एन मानकात टीकेआयपी किंवा त्याहून जुनं डब्ल्यूईपी चालत नाही, म्हणून जोडणी जुन्या ५४ वर उतरते. त्याऐवजी डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही नवी कुलपं निवडा. टीकेआयपी सुरक्षेलाही कच्चं आहे, ते वेगळंच.

त्याच पानावर चॅनेल "ऑटो" असेल तर स्वतः निवडा: १, ६ किंवा ११. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे तेवढेच. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकलात की कोणत्यावर गर्दी कमी ते दिसेल.

सावळागोंधळ
आणि रात्री राउटर बंद करत जा. त्या लहरींनी झोप लागत नाही.

जुनाजाणता
त्याला पुरावा नाही. हवं तर वेगळा धागा काढा.

अधीर
टीकेआयपीच होतं! बदललं. सगळ्यांचे फोन पुन्हा जोडत बसावं लागलं, टीव्ही तर रुसूनच बसला होता. आता फोनवर लिंक ७२, टेस्ट ४६. लॅपटॉपवर लिंक १४४, टेस्ट ८०च्या घरात. आत मात्र ९-१०, मीटिंग अजून अडखळते. तर मग नवा राउटर घेऊ ना?

जुनाजाणता
घ्याच, पण आतल्या खोलीचं नुसत्या नव्या राउटरने भागेलच असं नाही. राउटर कुठे आहे हे सुरुवातीलाच विचारलं, अजून पत्ता नाही.

अधीर
बाहेरच्या दाराजवळ, फायबरचा डबा तिथेच आहे ना. टीव्हीच्या युनिटमध्ये, खालच्या कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या मागे. तिथून आतल्या खोलीपर्यंत दोन भिंती आणि मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट.

तारेवरची_कसरत
आणि कपाटाला आरसा?

अधीर
आहे. तुम्हाला कसं कळलं?

तारेवरची_कसरत
आरशामागचा धातूचा लेप आणि कपाटाचा पत्रा, दोन्ही लहरी परतवतात. आत्ता उठा, राउटर त्या कप्प्यातून काढून युनिटच्या वर, उघड्यावर ठेवा. अँटेना उभ्या. उभ्या अँटेनाची रेंज आडवी पसरते, वर-खाली फारशी जात नाही. मित्राला सांगा, अँटेना मोजून रेंज ठरत नसते.

वायुवेग
जुनं काहीच घेऊ नका, आता वायफाय ७ ही नवी पिढी आलीय.

कोरा_कागद
जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रं मिळू लागलीत, मान्य. पण फोन आणि लॅपटॉपलाही ७ यायला हवं, आणि प्लॅन २०० चा. या घराला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्ही), वायफाय ६, गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट एवढं पुष्कळ. खोक्यावर "गिगाबिट" शब्द शोधा, विशेषतः वॅन पोर्टसाठी, म्हणजे जिथून इंटरनेट राउटरमध्ये येतं. ड्युअल बँड आहे म्हणून गिगाबिट असेलच असं नाही, तिथेच लोक फसतात.

५ गिगाहर्ट्‌झवर दाराजवळच्या खोलीत पूर्ण २०० मिळतील, पण दोन भिंती ओलांडताना तो २.४ पेक्षा जास्त दमतो. म्हणून आत दुसरा डबा लागणार, आणि तो तुमच्याकडे आहेच: जुना राउटर. नव्यापासून आत केबल न्या आणि जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या) खोचा. वॅनमध्ये नाही. त्याआधी जुन्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि पत्ता बदलून १९२.१६८.०.२ सारखा काहीतरी करा, नव्याशी टक्कर नको. नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच, चॅनेल वेगळं. आत लॅपटॉपला ७०-८० मिळतील. मीटिंगला ४-५ पुरतात, पण सलग मिळाले तर.

निवांत
किंवा मेश.

तारेवरची_कसरत
मेशलाही मागून वायर जोडता येते, तशी जोडणार असाल तर मी विरोध मागे घेतो.

निवांत
बघा, मेश चालतंच!

जुनाजाणता
अधीर, एक राहिलं. जुना राउटर काढण्याआधी त्यात इंटरनेटचं यूजरनेम-पासवर्ड भरलंय का बघा (पीपीपीओई असं लिहिलेलं असतं). असेल तर कंपनीकडून आधीच मागून घ्या. रिसेट करून बसलात तर कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसावं लागेल.

अधीर
घेतला. वायफाय ६ आणि गिगाबिट, वॅनसुद्धा. युनिटच्या वर ठेवलाय, बाहेरच्या खोलीत १९० च्या पुढे जातोय. पीपीपीओईचं खरंच होतं, आधी मागून ठेवलं म्हणून सुटलो. चपटी केबल चौकटीवरून आणली, जुना डबा आता माझ्या टेबलाखाली. आज पूर्ण मीटिंग झाली, साहेबांना माझा चेहरा हलताना बघून बरं वाटलं असावं.

आता प्रिंटर जोडत नाही. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी "कनेक्शन फेल".

सावळागोंधळ
डीएनएस.

कोरा_कागद
नव्या राउटरवर सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ वर (डब्ल्यूपीए२ च्या पुढची पद्धत) असेल. जुन्या प्रिंटरांना ते समजत नाही. "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३" असा मिश्र पर्याय असतो, तो निवडा आणि २.४ चालू आहे ना ते बघा, प्रिंटरला बहुधा तेवढंच येतं. तरीही नाही जमलं तर प्रिंटरचं मॉडेल सांगा. रंग नको.