परदेशात भाड्याची गाडी ठोकली तर: फोन कुणाला, कागद कुठला, पैसे कुठे अडकतात

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. गाडी कुठली घ्यावी, कुठला घाट सुंदर, यावर ढीगभर लिहिलं गेलंय. ठोकल्यावर काय करायचं, यावर मात्र "देव करो आणि वेळ न येवो" एवढंच. म्हणून हा धागा. तुम्ही ज्या देशात राहता किंवा या धंद्यात काम करता, तिथलं नेमकं लिहा. हकिगती नकोत, कृती हवी.

सुरुवातीला माझं मत मांडतो. चूक कुणाची हे ठरायला महिने लागतात, पण रेंटल कंपनी कार्डावरचे पैसे लगेच कापते. ते परत मिळणार की नाही, हे पहिल्या तासात रस्त्याच्या कडेला कुठला कागद झाला त्यावर अवलंबून असतं. आणि तो कागद प्रत्येक देशात वेगळा.

रेंटलच्या काउंटरवरून

सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) हा विमा नव्हे. नुकसान कितीही झालं तरी तुमच्याकडून ठरलेल्या एक्सेसपर्यंतच, म्हणजे तुमच्या वाट्याच्या कमाल रकमेपर्यंतच, मागू, एवढी ती कंपनीची कबुली. तीही अटींवर. काच, टायर, रिम, छत, गाडीचा खालचा भाग, क्लच आणि चुकीचं इंधन हे बहुतेक करारांत बाहेरच असतं. छतावर ओरखडा म्हणजे पार्किंगच्या कमी उंचीच्या कमानीखालून गाडी घातली, असंच धरलं जातं.

कबुली पूर्ण रद्द होते ती तीन-चार कारणांनी: करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, दारू, मनाई असलेल्या रस्त्यावर गाडी नेली, किंवा अपघात वेळेत कळवला नाही. पहिलं कारण आपल्याकडे फार दिसतं. "दहा मिनिटं भावोजींनी घेतली" आणि त्या दहा मिनिटांत ठोकली, तर पूर्ण गाडीची किंमत अंगावर. दुसऱ्या चालकाचे रोजचे पैसे वाचवू नका.

गाडी घेताना चारही बाजू, चारही रिम, छत, पुढच्या बंपरची खालची कड, काच, डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढा. तळघरातल्या पार्किंगमध्ये उजेड नसतो, तर गाडी बाहेर काढून काढा, पण गेट सोडण्याआधी. जुने पोचे चेक-आउट शीटवर, म्हणजे गाडी ताब्यात देतानाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. "सिस्टीममध्ये आहे" या उत्तरावर निघू नका.

ल्यों, फ्रान्स

फ्रान्समध्ये नुसतं गाड्यांचं नुकसान असेल तर पोलीस येत नाहीत. कुणी जखमी असेल किंवा समोरचा पळून गेला असेल, तरच. त्यामुळे इथला कागद म्हणजे 'काँस्ता आमियाब्ल', दोन्ही चालकांनी मिळून भरायचा अपघाताचा छापील फॉर्म. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये असतो, नसेल तर काउंटरवर मागून घ्या. युरोपभर त्याची मांडणी एकच, भाषा बदलते. म्हणजे एखादी इंग्रजी प्रत फोनमध्ये ठेवली की फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, कुठलाही फॉर्म रकान्याच्या क्रमांकावरून भरता येतो.

दोघांनी मिळून एकच फॉर्म भरायचा, खाली कार्बन प्रत उमटते. डावा निळा भाग गाडी 'अ' चा, उजवा पिवळा 'ब' चा. रकाना ६ मध्ये विमा ज्याच्या नावावर आहे तो, म्हणजे रेंटल कंपनी. तुमचं नाव रकाना ९ मध्ये. इथेच गफलत होते. रकाना १० मध्ये पहिला धक्का कुठे लागला तो बाण, ११ मध्ये दिसणारं नुकसान.

खरा जीव रकाना १२ मध्ये. मधोमध १७ वाक्यांची यादी, प्रत्येकासमोर दोन्ही बाजूंना चौकट. लागू असेल तिथे फुली आणि शेवटी फुल्यांची संख्या लिहायची, म्हणजे नंतर कुणाला वाढवता येत नाही. ८ म्हणजे त्याच लेनमधल्या पुढच्या गाडीला मागून धडकलो, १० म्हणजे लेन बदलत होतो, १४ म्हणजे मागे घेत होतो. समोरच्याने तुमच्या बाजूला १७ वर, म्हणजे सिग्नल किंवा प्राधान्याची पाटी न मानल्यावर, फुली मारली असेल आणि तसं घडलं नसेल तर सही करू नका. रकाना १४ मध्ये मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण असहमती लिहाच. दोघांच्या सह्या झाल्या की ते विधान दोघांवर बंधनकारक. प्रती वेगळ्या झाल्यावर सह्यांच्या पानावर काडीचाही बदल नाही.

समोरच्याने सही नाकारली तर नंबर प्लेटचा फोटो घ्या, रकाना १४ मध्ये तसं लिहा, साक्षीदार रकाना ५ मध्ये. फॉर्म ५ कामाच्या दिवसांत विमा कंपनीकडे जायला हवा. तुमच्यासाठी याचा अर्थ: रेंटलला त्याच दिवशी फोन आणि फॉर्मचा फोटो.

आणखी एक. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. आपण रुंद रस्त्यावर आणि तो गल्लीतून आला तरी. पर्यटकांचे बरेच अपघात इथेच.

ऑटोरूटवर (द्रुतगती महामार्गावर) बंद पडलात किंवा ठोकलीत तर पिवळं जाकीट गाडीच्या आत असतानाच घाला, उजव्या दाराने उतरा, कठड्यापलीकडे उभे राहा. तिथे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवायला धावत जाऊ नका. नारिंगी फोन साधारण दर २ किलोमीटरला असतो. त्यावरून केलं की तुमची जागा त्यांना आपोआप कळते. टोइंग फक्त अधिकृत गाडीचंच, रेंटलने पाठवलेली टोइंगची गाडी तिथे येऊ शकत नाही. पावती जपा.

म्युनिक

जर्मनीत उलटं. इथल्या रेंटल करारांत सहसा अट असते की अपघात कितीही छोटा असला तरी पोलिसांना, ११० वर, बोलवायचंच. एकटेच भिंतीला घासलात तरी. बोलावलं नाही तर सीडीडब्ल्यू गेला समजा. पोलीस "किरकोळ आहे" म्हणून पूर्ण अहवाल करत नाहीत असं होतं. तेव्हा नोंदीचा क्रमांक आणि ठाण्याचं नाव लिहून मागा. रेंटलला तेवढं पुरतं.

पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला लागलं, मालक दिसत नाही, म्हणून वायपरखाली चिठ्ठी ठेवून निघालात तर तो फौजदारी कायद्याच्या कलम १४२ खाली गुन्हा ठरतो. पुरेसा वेळ थांबायचं, कुणी आलं नाही तर पोलिसांना कळवायचं. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला धडकून निघून जाणं हेही यातच येतं.

स्पेनबद्दल पुरवणी

१ जानेवारी २०२६ पासून तिथे त्रिकोणाऐवजी छतावर चुंबकाने बसणारा व्ही-१६ दिवा बंधनकारक झालाय. गाडी घेताना तो ग्लव्ह बॉक्समध्ये आहे का बघा.

दुबई

इथे पोलीस रिपोर्टशिवाय पान हलत नाही. रिपोर्ट नसेल तर गॅरेजला गाडी दुरुस्त करायचीच परवानगी नाही. त्यामुळे मॉलच्या पार्किंगमध्ये कुणी अज्ञात घासून गेला तरी तिथल्या तिथे रिपोर्ट करून घ्या. परत देताना "मला माहीत नाही" म्हटलंत की सगळं तुमच्या नावावर.

कुणी जखमी नसेल तर आधी फोटो, मग गाडी कडेला. भर रस्त्यात वाद घालत वाहतूक अडवली तर दंड वेगळा. दुबई पोलिसांच्या ॲपवरून किरकोळ अपघाताची नोंद होते, ९०१ वरही चौकशी करता येते. जखमी असेल तर ९९९ आणि गाडी जागची हलवायची नाही. अबू धाबी आणि शारजात व्यवस्था निराळी आहे, म्हणून तिथे जाणार असाल तर नंबर काउंटरवर विचारून ठेवा. रिपोर्टवर दोषी कोण ते लिहिलेलं असतं. दुसरा दोषी असेल तर एक्सेस तुमच्याकडून घेऊ नये. तरी कापला तर रिपोर्टची प्रत दाखवून परत मागा. वाळूत गाडी घालायची हौस असेल तर साध्या भाड्याच्या गाडीने नको. करारात वाळवंट वर्ज्य असतं.

नागोया

जपानमध्ये ११० ला फोन करणं कायद्याने बंधनकारक आणि व्यवहारातही अटळ. पोलीस नोंद झाली नाही तर अपघाताचा दाखला मिळत नाही, दाखल्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही. समोरचे आजोबा कितीही वाकून "जाऊ द्या" म्हणाले, तरी जागेवर पैसे देऊन मिटवू नका. रेंटल करारात तशा तडजोडीला मनाई असते.

इथे एक्सेसशिवाय 'एनओसी' (नॉन-ऑपरेशन चार्ज) नावाची वेगळी रक्कम लागते. गाडी दुरुस्तीत असताना कंपनीचा धंदा बुडतो, त्याची भरपाई. स्वतः चालवत गाडी परत नेली तर साधारण २०,००० येन, टो करून न्यावी लागली तर ५०,०००. काही कंपन्यांत याहून जास्त. ती माफ करणारं कव्हर वेगळं विकत मिळतं आणि रोजचा दर फार नसतो. घ्यावं.

प्रश्न: आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तरी काउंटरवर गाडी देतात. मग काय बिघडतं?

उत्तर (काउंटरवाला): गाडी मिळणं वेगळं आणि अपघातानंतर विमा लागू होणं वेगळं. जिथे कायद्याने आयडीपी, म्हणजे हा आंतरराष्ट्रीय परवाना, लागतो, तिथे तो नसला तर तुम्ही विनापरवाना चालवत होतात. भारतातला आयडीपी सारथी पोर्टलवरून आरटीओकडे मागायचा, अर्ज फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असल्यामुळे जपानमध्ये चालतो. सोबत मूळ लायसन्स हवंच. थायलंडला स्कूटर घेणार असाल तर आयडीपीवर दुचाकीचा वर्ग आहे का पाहा. आणि तिथे अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका. ओरखड्यावरून घासाघीस सुरू झाली की तो ओलीस राहतो. झेरॉक्स आणि रोख द्या. वाद झालाच तर पर्यटक पोलीस ११५५.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

अमेरिकेत गाडीच्या नुकसानीपेक्षा दुसऱ्याच्या नुकसानीची भीती मोठी. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून किमान विमा एका जखमीमागे ३०,००० डॉलर, एका अपघातात मिळून ६०,०००, मालमत्तेला १५,०००. इथल्या हॉस्पिटलचं बिल पाहिलेल्याला यातला फोलपणा कळेल. म्हणून एलडीडब्ल्यूपेक्षा (सीडीडब्ल्यूचा अमेरिकेतला प्रकार) दुसऱ्याच्या नुकसानीचं जास्तीचं लायबिलिटी कव्हर, म्हणजे एसएलआय, आधी बघा. भारतातला पत्ता देऊन बुक केलेल्या दरात ही दोन्ही पुष्कळदा धरलेली असतात. व्हाउचरवर वाचा आणि काउंटरवर दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

जखमी असेल तर ९११. समोरच्याचं लायसन्स, प्लेट, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक यांचे फोटो घ्या. "सॉरी, लक्षच नव्हतं" हे वाक्य तोंडातून काढू नका, ते पुढे जबाबात येतं. खासगी पार्किंगमधल्या किरकोळ ठोकरीला पोलीस बऱ्याचदा येत नाहीत. शहराच्या पोलिसांकडे ऑनलाइन नोंद होते का पाहा. कुणी जखमी असेल किंवा नुकसान १००० डॉलरच्या वर असेल तर डीएमव्हीकडे (राज्याच्या वाहन खात्याकडे) अपघाताचा एसआर-१ फॉर्म १० दिवसांत. पोलीस रिपोर्ट झाला असला तरी हा वेगळा भरायचा, आणि तो चालकाने भरायचा, रेंटल कंपनीने नव्हे.

ऑकलंड, थोडक्यात

न्यूझीलंडमध्ये जखमींच्या उपचारांना एसीसी, ही सरकारी अपघात-भरपाई संस्था, मदत करते, पर्यटकांनाही आणि चूक कुणाची हे न बघता. पण बुडालेली सहल, परतीचं विमान, भारतातला बुडालेला पगार यांचं काही देत नाही. त्यासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच.

दावे हाताळणारी

भारतातून घेतलेल्या ट्रॅव्हल पॉलिसीत 'पर्सनल लायबिलिटी' दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. मोटार वाहनामुळे झालेलं नुकसान त्यातून बहुधा वगळलेलं असतं. एक्सेस परत देणारं कव्हर काही प्लॅनमध्येच असतं. स्वतंत्र एक्सेस पॉलिसी घेतली तरी क्रम असा: रेंटलला आधी तुम्ही भरायचे, मग दावा. त्याला लागतं ते: करार, चेक-आउट आणि चेक-इन शीट, नुकसानीचा अहवाल, दुरुस्तीचं बिल किंवा अंदाजपत्रक, पैसे कापल्याचं कार्ड स्टेटमेंट, पोलीस नोंद किंवा काँस्ता. घरी आल्यावर यातलं चेक-इन शीट मिळवणं सर्वांत कठीण. किल्ली पेटीत टाकून निघू नका, माणूस असताना गाडी परत करा.

नंतर येणाऱ्या बिलात तीन ओळी शोधा: दुरुस्ती, लॉस ऑफ यूज (गाडी बंद असताना बुडालेलं भाडं), ॲडमिन फी. लॉस ऑफ यूजसाठी गाडी नेमकी किती दिवस गॅरेजमध्ये होती त्याचा पुरावा मागा. बंपरच्या रंगाला दहा दिवस लावलेले असतात. परदेशी व्यवहाराला ओटीपी लागतोच असं नाही, त्यामुळे परतल्यावर कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा खाली आणून ठेवा. नुसतं कार्ड बंद करून मात्र देणं टळत नाही. हिशोब पटला नाही तर आधी कंपनीला लेखी तक्रार, ब्रिटनमधली कंपनी बीव्हीआरएलएची (तिथल्या वाहन-भाडे कंपन्यांच्या संघटनेची) सदस्य असेल तर त्यांच्याकडे, आणि समांतर बँकेत डिस्प्यूट. कंपनीच्या उत्तराची वाट बघत बँकेची मुदत घालवू नका. ती व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात.