क्लाउडवरचे फोटो उतरवले पण तारखा सगळ्या चुकीच्या, काय करू?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमचं घर सांगलीत गावभागात, २०१९ च्या पुरात तळमजला अख्खा पाण्यात गेला आणि कपाटातले अल्बम पण गेले. पाणी उतरल्यावर उघडले तर फोटो प्लास्टिकला चिकटलेले, सोडवायला गेलं की चेहराच निघून यायचा. नशीब एवढंच की आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सगळे स्कॅन करून क्लाउडवर टाकले होते आणि काकांना शेजारी बसवून एकेका फोटोला तारीख पण घातली होती, हा दादाच्या मुंजीतला, हा १९७२ च्या दुष्काळातला वगैरे. आता पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे म्हणून म्हटलं सगळे उतरवून घेऊ. (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत.) एक्स्पोर्टची रिक्वेस्ट टाकली, दोन दिवसांनी मेल आला, ४६ जीबी, २-२ जीबीच्या २३ झिप. आमचं नेट असं की ११ वी झिप ८०% ला जाऊन मान टाकते, परत पहिल्यापासून सुरू. बरं जे उतरलं ते उघडलं तर आईच्या लग्नाच्या फोटोवर गेल्या मंगळवारची तारीख!! आणि प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल, त्यात नुसते कंस आणि आकडे, लग्नाच्या फोटोच्या फाइलीत तर चक्क मायनस आकडा आहे -५१७७३४००. हा कचरा डिलीट करू का? लिंक अजून ४ दिवसच चालणार आहे.

जुनाट_पीसी
थांबा थांबा, जेसनला हात लावू नका!! तुमच्या काकांनी सांगितलेल्या तारखा त्यातच आहेत. कसं असतं, मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख असते, तिला एक्झिफ म्हणतात, ती झिपमधून काढली तरी जात नाही. विंडोजमध्ये डेट मॉडिफाइड सोडून डेट टेकनवर सॉर्ट करा, मोबाइलवाले आपोआप ओळीत लागतील. पण स्कॅनच्या पोटात एकतर तारीखच नसते नाहीतर स्कॅन केल्याचा दिवस असतो. तुम्ही ॲपमध्ये जी घातलीत ती कंपनीने आपल्या वहीत लिहून ठेवली, फोटोत नाही लिहिली. ती वही म्हणजे जेसन.
मायनसचं म्हणाल तर कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतो, त्याच्या आधीचं सगळं मायनस. म्हणजे तुमच्या आईचं लग्न १९६८ च्या मे महिन्यातलं, बरोबर?

कृष्णाकाठची
अगदी बरोबर, १२ मे १९६८! आता जेसनमधलं फोटोत कसं घालायचं? आणि ११ व्या झिपचं काय?

मोफत_सल्ला
कितीदा सांगायचं लोकांना, एकाच ठिकाणी ठेवलं तर तो बॅकअप नसतोच. स्कॅन केले तेव्हाच एक पेनड्राइव्ह भरून ठेवला असता तर आज ही वेळ आली नसती.

सोलापुरी_चादर
@मोफत_सल्ला पेनड्राइव्ह पण त्याच कपाटात असता ना हो, पुरात पोहायला शिकला असता का? काही उपयोगाचं असेल तर लिहा.
ताई, झिप एकावेळी एकच लावा, ब्राउझरमधूनच, लॅपटॉपचं स्लीप बंद करा आणि शक्यतो ज्यांच्याकडे फायबर आहे अशा कुणाच्या घरी जाऊन एका रात्रीत काम उरका. परत परत ट्राय करत बसू नका, काही ठिकाणी एक झिप किती वेळा उतरवता येते त्यालाही लिमिट असतं. लिंक संपलीच तर नवी रिक्वेस्ट टाकता येते, फोटो कुठे पळून जात नाहीत. २ जीबीचे तुकडे घेतलेत ते बरं केलं, साध्या पेनड्राइव्हवर बहुतेकदा एफएटी३२ नावाची फाइली ठेवायची जुनी पद्धत असते, त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही.

जुनाट_पीसी
+१. आणि सगळ्या झिप उतरल्यावरच उघडा, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, कारण फोटो ३ नंबरच्या झिपमध्ये आणि त्याची जेसन ७ मध्ये असं सर्रास होतं. मग एक्झिफटूल नावाचं फुकट टूल आहे, काळ्या खिडकीत कमांड टाकायची असते, घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल तर त्याला बसवा. आधी दहा फोटोंची कॉपी करून त्यावर बघा. आणि हे फक्त स्कॅनच्या फोल्डरवर चालवा, मोबाइलच्या फोटोंना हात लावायची गरज नाही.

नाशिकची_वहिनी
मध्येच विचारते, सॉरी. मुलाने फोन रिकामा करायच्या नादात माझे फोटो डिलीट केले, क्लाउडवरनं पण गेले. १५ दिवस झाले. मिळतील का?

सोलापुरी_चादर
वहिनी आधी ट्रॅश बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयक्लाउडला रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस. म्हणजे अजून वेळ आहे, पण आजच बघा. आणि ट्रॅश रिकामा करू का असं विचारलं तर नाही म्हणा, मुलाला तर फोनच देऊ नका.

नाशिकची_वहिनी
मिळाले!!! ४१२ च्या ४१२. 🙏

कृष्णाकाठची
अपडेट देते. आतेबहिणीकडे विश्रामबागला लॅपटॉप घेऊन गेले, रात्री अकराला लावलं, सकाळी पोहे होईपर्यंत २३ च्या २३ खाली. तिचा मुलगा सेकंड इयरला आहे, त्याने ते एक्झिफटूल चालवलं. काही फोटोंची नावं फार लांब होती, "आजोबा वखारीसमोर बैलगाडीत हळदीची पोती" असली, ती मधेच कापली गेल्यामुळे जेसनशी जुळत नव्हती, तेवढी ३०-४० हाताने केली. बाकी सगळे ओळीत लागले. आईला लॅपटॉपवर दाखवले, लग्नाचा फोटो आला, आई मुंडावळ्यांत, मागे मामा छत्री धरून उभा. पण आईने तारीख वाचली आणि म्हणाली, अकरा मे कसं? अकराला तर सीमांत पूजन होतं, लग्न बाराला. आता काका म्हणतात मी बाराच सांगितलं होतं, तूच चुकीचं टाइप केलंस. मी बाराच टाकलं होतं हो!!

जुनाट_पीसी
काकाही बरोबर आणि तुम्हीही. जेसनमधली वेळ ग्रिनिचची असते, आपण साडेपाच तास पुढे. तुम्ही १२ तारीख घातलीत ती आपल्या रात्री १२ वाजताची धरली गेली, तेव्हा तिकडे ११ चे संध्याकाळचे साडेसहा. भाच्याला सांगा जेसनमधून ज्यांना तारीख घातली तेवढ्या सगळ्या स्कॅनना साडेपाच तास पुढे ढकल, त्याच टूलने एका कमांडमध्ये होतं.

कृष्णाकाठची
केलं. बारा मे. काकांना फोन केला तर म्हणे, मग आता माफी माग.