लिक्समधून मराठी पुस्तक: एवढ्या पीडीएफपैकी कोणती निवडू?

प्रश्न
लिक्समध्ये (लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर चालणारा लेखन-प्रोग्रॅम) गणिताचं मराठी पुस्तक लिहितोय. समीकरणं भरपूर, मजकूर देवनागरी. निर्यातीच्या यादीत डीव्हीआय, पोस्टस्क्रिप्ट, एचटीएमएल आहेतच, वर पीडीएफच तीन-चार तऱ्हांची: पीडीएफलाटेक, झीटेक, लुआटेक, डीव्हीआय-पीडीएफ. फाइल छापखान्यात जाईल, ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहातही जाईल आणि विद्यार्थी ती मोबाइलवर वाचतील. तिन्हींसाठी एकच फाइल चालेल का?

उत्तर, जुळारी
पीडीएफच्या त्या सगळ्या नोंदींतून शेवटी पीडीएफच निघते, फरक वाटेत आहे: ती कोणता प्रोग्रॅम घडवतो, एवढाच. डीव्हीआय हा फाइलप्रकार 1979 मध्ये डेव्हिड फुक्स यांनी आखला. त्यात कुठलं अक्षर पानावर कुठे बसवायचं एवढंच असतं, फॉन्ट आणि चित्रं बाहेरच राहतात. त्यामुळे तो दुसऱ्याला पाठवण्याजोगा नाही. पीडीएफलाटेक इंग्रजी मजकुराला उत्तम, पण युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं त्याच्या आवाक्यातली नाहीत. तुमच्यासाठी झीटेक किंवा लुआटेक, बस्स. दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये ‘नॉन-टेक फॉन्ट वापरा’ यावर खूण करा, नाहीतर संगणकातले देवनागरी फॉन्ट निवडताच येणार नाहीत.

आता खरी गोष्ट. पान सुंदर दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नका. पीडीएफमधून ‘किती’ हा शब्द कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. बऱ्याचदा ‘िकती’ उमटतं, कारण पानावर वेलांटी क च्या आधी काढलेली असते आणि फाइलनेही तोच क्रम धरलेला असतो. मग शोध चालत नाही, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या कानावर भलतंच पडतं. मला हे फार लागतं. गणिताचं मराठी पुस्तक आधीच दुर्मीळ, त्यात ते शोधताही येऊ नये? झीटेकमध्ये ॲक्चुअल-टेक्स्ट (दिसणाऱ्या अक्षरांसोबत फाइलमध्ये ठेवलेला मूळ मजकूर) निर्माण करण्याचा स्विच आहे, तो प्रिॲम्बलमध्ये (दस्तऐवजाच्या सुरुवातीच्या आज्ञांत) 1 करा. लुआटेक घेतलंत तर फॉन्टच्या पर्यायांत रेंडरर (अक्षरं जुळवणारा भाग) म्हणून हार्फबझ लिहा. टेकलाइव्ह (या सगळ्या प्रोग्रॅमांचा संच) 2020 पासून ते लुआलाटेकमध्येच (लुआटेकवर चालणारं लाटेक) आहे. मग ‘किती’ची चाचणी पुन्हा घ्या.

उत्तर, दुसरे सदस्य
वरच्याशी सहमत. ग्रंथालय बहुधा पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) मागेल, नक्की कोणती आवृत्ती ते विचारून घ्या. पीडीएफ/ए-1 ला पारदर्शक रंग चालत नाहीत, त्यामुळे आकृत्यांमधल्या एकावर एक आलेल्या फिकट छटा अडतात; ए-2 मध्ये त्या चालतात. फॉन्ट मात्र सगळे फाइलच्या आतच हवेत. ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवून ‘एम्ब’च्या (फॉन्ट फाइलच्या आत आहे का, याच्या) रकान्यात प्रत्येक ओळीला ‘येस’ आहे ना ते बघा. छापखान्यालाही तेच लागतं.

प्रश्नकर्ता
‘िकती’च आलं! स्विच लावल्यावर नीट झालं, शोधही चालतोय. मोबाइलसाठी पानाचा आकार लहान करून वेगळी पीडीएफ काढू का?

उत्तर, जुळारी
नको, ईपब (ई-पुस्तकाचा फाइलप्रकार) काढा. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. लिक्समधून लाटेकची फाइल काढून ती टेक-फोर-ईबुकला (लाटेकमधून ई-पुस्तक काढणारा प्रोग्रॅम) द्या, लुआलाटेक वापरायला सांगा आणि समीकरणं मॅथएमएलमध्ये (समीकरणं मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत) घ्या, चित्रं करू नका. त्याआधी मजकुरातले ‘पान अमुक पाहा’ असे संदर्भ ‘प्रमेय अमुक पाहा’ असे करा. ईपबमध्ये पान क्रमांक टिकत नाही, प्रमेयाचा क्रमांक टिकतो.