चरित्रे वाचणाऱ्याने रहस्यकादंबरी कशी वाचावी?

प्रश्न

माझे वाचन आजवर चरित्रे, इतिहास आणि ललित निबंध यांपलीकडे फारसे गेलेले नाही. एका स्नेह्यांच्या आग्रहामुळे सध्या खून आणि त्याचा तपास या विषयावरची एक जाडजूड कादंबरी वाचतो आहे आणि ती निम्मी झाली आहे. पुस्तक खाली ठेववत नाही हे खरे. पण प्रत्येक पात्र काहीतरी लपवीत असावे असा संशय सतत येत राहिल्याने कोणाविषयीही आपुलकी वाटत नाही. चरित्राचा शेवट आधीपासून ठाऊक असूनही गोडी कमी होत नाही. येथे मात्र सारी मदार शेवटावरच असल्यासारखे वाटते. हा माझ्या सवयीचा दोष आहे की या साहित्यप्रकाराची मर्यादा? शेवटचे प्रकरण आधी वाचून टाकावे, असा मोह होतो आहे.

प्रतिसाद १

आपण रहस्य आणि उत्कंठा या दोन गोष्टी एकच मानत आहात, असे वाटते. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा फरक फार नेमका सांगितला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर त्यांना काही सेकंदांचा धक्का बसतो. पण ते ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीच्या निरर्थक गप्पाही ते श्वास रोखून ऐकतात. म्हणजे उत्कंठा अज्ञानातून नव्हे, तर माहितीतून निर्माण होते. आपल्या कादंबरीत वाचकाला पात्रांपेक्षा अधिक कळते की कमी, एवढे पाहावे. अधिक कळत असेल, तर चरित्र वाचताना येणारा आनंद येथेही मिळेल.

प्रतिसाद २

शेवट आधी वाचण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यावा, गुप्तहेराच्या हाती लागलेला प्रत्येक दुवा वाचकासमोर ठेवावा, गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक नसावे, असे ते नियम होते. (शेवटचा नियम थट्टेचा वाटतो, पण त्या काळातल्या कथांमध्ये भुयारांचा सुकाळ होता.) नियम पुढे अनेकांनी मोडले; तरी लेखकाने वाचकाला फसवावे, पण त्याच्याशी लबाडी करू नये, ही अपेक्षा कायम राहिली. इतिहासाच्या वाचकाला तर साधने तपासण्याची सवयच असते. कोणती गोष्ट कोणी पाहिली, कोणी केवळ ऐकली आणि सांगणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ आहे, हे प्रश्न आपण बखरीला विचारता. तेच साक्षीदारांना विचारून पाहावेत. ज्या संशयाची आपण तक्रार करता, तोच येथे वाचनाचा मुख्य व्यापार आहे. आपुलकीचे म्हणाल, तर चांगला लेखक संशयितालाही माणूस म्हणून उभा करतो. तसे झाले नसेल, तर दोष त्या पुस्तकाचा मानावा, संपूर्ण प्रकाराचा नव्हे.

प्रतिसाद ३

वरील विरोध मला थोडा टोकाचा वाटतो. लेव्हिट आणि क्रिस्टेनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा सरासरीने अधिक आवडल्याचे आढळले आणि त्या कथांमध्ये रहस्यकथाही होत्या. अर्थात त्या लघुकथा होत्या. निम्मी कादंबरी संशयात काढलेल्या वाचकाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. म्हणून आपण शेवटापर्यंत सरळ जावे आणि मग पहिली काही प्रकरणे पुन्हा वाचावीत. खुनी कोण हे कळल्यावर त्याची साधी वाक्येही दुहेरी अर्थाने वाचता येतात, आणि कारागिरीची खरी परीक्षा तेथेच होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. शेवटच्या प्रकरणाला हात लावणार नाही. साक्षीदारांची सूचना ध्यानात घेऊन तिसरे प्रकरण पुन्हा चाळले, तेव्हा लक्षात आले की मृत्यूची वेळ सर्वजण ठामपणे सांगतात, पण ती मुळात एकाच व्यक्तीच्या तोंडून आलेली आहे. त्या व्यक्तीवर माझा आतापर्यंत मुळीच संशय नव्हता. तिच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून पुढे वाचतो आहे.