ताजला लागून असलेला टॉवर कधीचा? तिथे आधी काय होतं?

मांडवेकर: मांडव्याहून बोटीने गेटवेला येताना डावीकडे ताजचा घुमट आणि उजवीकडे तो उंच टॉवर दिसतो. टॉवर मागाहून बांधला हे कळतं, पण ती जागा मोकळी होती का? आणि मूळ ताज नकाशा उलटा धरल्यामुळे पाठमोरा बांधला गेला, म्हणून इंग्रज आर्किटेक्टने जीव दिला, हे खरं का?

फोर्टचा फिरस्ता: जागा मोकळी नव्हती. तिथे ग्रीन्स हॉटेल होतं. ते पाडून 1973 साली टॉवर उभा राहिला. आराखडा मेल्टन बेकर यांचा.

आत्महत्येची गोष्ट मात्र कृपा करून पुढे सांगू नका, फार जीव तुटतो. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य गेल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. दंतकथेत सगळं श्रेय त्या इंग्रजाला जातं आणि वैद्यांचं नावही कुणी घेत नाही. मी ओळखीच्या कुणालाही तिथे नेलं की आधी वैद्यांचं नाव सांगतो.

आणि इमारत उलटी वगैरे काही नाही. दार मुद्दामच शहराच्या बाजूला ठेवलं होतं, आता पोहण्याचा तलाव आहे तिकडे. 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल सुरू झालं तेव्हा समोर गेटवे नव्हताच, तो 1924 चा. आज आपण सगळे गेटवेपाशी उभं राहून ताज बघतो, म्हणून ती पाठ वाटते.

रेखा_गिरगाव: नरिमन पॉइंटचं ओबेरॉय शेरेटन, आताचं ट्रायडेंट, तेही 1973 चंच ना? 35 मजली. त्याच्याबद्दल कुणी हळहळत नाही, टॉवरला मात्र सगळे नावं ठेवतात.

फोर्टचा फिरस्ता: बरोबर, रेखाताई. नरिमन पॉइंट म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेली जमीन, तिथे जुनं काही पाडावं लागलं नाही. इथे ग्रीन्स गेलं. तरी टॉवरला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. तळाच्या कमानी जवळ जाऊन बघा, शेजारच्या जुन्या इमारतीशी नातं जोडायचा विचार त्यात दिसतो. उंची मात्र खुपते, घुमटाचा तोरा तिने कमी केला.

कुणाच्या घरी अपोलो बंदरचं जुनं पोस्टकार्ड असेल तर इथे टाका. समुद्राकडून काढलेलं असलं तर ताजच्या उजवीकडे दिसेल ते ग्रीन्स.