कूलरचा ग्लास आणि ओठावरचा फोड

ग्रुप: फक्त सूचना, गप्पा नकोत

बी-३०२ काकू, सकाळी ७:१२
वॉचमनच्या केबिनपाशी कूलरला साखळीनं बांधलेला ग्लास कधी निघणार? काल एक जण ओठावर भला मोठा फोड घेऊन त्याच ग्लासानं पाणी पीत होते. नाव घेत नाही. आमच्याकडं रविवारी बारसं आहे.

ए-१०१ सेक्रेटरी, ७:२०
घ्या की नाव. मीच होतो. रात्रीतून कोळी मुतलाय, त्यात काय पसरणारंय?

ए-४०३, ७:२१
कोळ्याला पण मेन्टेनन्स लावा, कॉमन एरियात राहायलाय 😂

सी-२०३ डॉक्टर, ७:४८
कोळ्याचा, पालीचा काही संबंध नाही. हा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू, बहुतेक वेळा टाइप १. लाज वाटण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पन्नाशीच्या आतल्या साधारण ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, शंभरात ६४. लहानपणी शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत झोपून राहतो. ताप, जागरण, पाळी, दाताचं काम किंवा आपलं मे महिन्याचं ऊन लागलं की त्याच नसेनं ओठावर येतो. म्हणून फोड दर वेळी जवळपास त्याच जागी उठतो. मुळापासून काढणारं औषध नाही, पण पसरतो मात्र नक्की.

बी-३०२ काकू, ७:५०
वाचलं का सेक्रेटरी साहेब? पसरतो. ग्लास कधी निघणार?

सी-१०४ आजोबा, ८:०२
पानाच्या डब्यातला चुना लावा. दोन दिवसांत वाळतंय.

बी-१०५ मेडिकल, ८:१५
आजोबा, चुन्यानं कातडी भाजते. वरून पू झाला की मंग अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन येतात. टूथपेस्टचंही तेच. आणि घरात पडलेली गजकर्णाची मिक्स ट्यूब तर अजिबात लावू नका. तिच्यात क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि खाली विषाणू मोकळा सुटतो.
लावायचंच तर असायक्लोविर ५ टक्के क्रीम. दिवसातून ५ वेळा, साधारण ४-४ तासांनी: ७, ११, ३, ७, ११. चार-पाच दिवस. कानात घालायच्या काडीनं टेकवायचं, चोळायचं नाही, काडी दर वेळी नवी. हे औषध घडवणाऱ्यांतल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं अन् आपण चुना लावायलोत.

ए-१०१ सेक्रेटरी, ८:१९
चालू करतो आजच. किती दिवसांत जाईल?

सी-२०३ डॉक्टर, ८:३१
खरं सांगायचं तर क्रीमनं अर्धा-एक दिवसच वाचतो. तेही मुंग्या यायला लागल्या त्याच तासाला लावलं तर. तुमचा फोड भरलाय, गाडी निघून गेली. पहिल्या दिवशी चुणचुण, मग पाण्याचे बारीक फोड, ते फुटून ओली जखम, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळट खपली, ७ ते १० दिवसांत साफ. खपली सोलली की परत पहिल्यापासून. थंड ओलं फडकं ५-१० मिनिटं धरा, वर व्हॅसलीन लावा म्हणजे ती तडकत नाही.
ज्यांना सारखं येतं त्यांनी आधीच चिठ्ठी लिहून घ्यावी. मोठ्या माणसाला व्हॅलासायक्लोविर २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या ४ गोळ्या, आणि १२ तासांनी आणखी ४. एका दिवसात कोर्स संपला. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, मनानं घेऊ नये. उन्हात जाताना एसपीएफ ३० चा लिप बाम.

ए-२०२ ताई, ८:४०
म्हणजे ही नागीणच ना? विळखा पूर्ण झाला तर?

सी-२०३ डॉक्टर, ८:४४
नाही ताई. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, अंगाच्या एकाच बाजूला पट्टा येतो. विळखा वगैरे काही नसतं. आणि तोंड येणं आणखी वेगळं, ते गालाच्या आत, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

ए-४०३, ८:४६
पाण्याचा विषय निघालाच आहे तर टँकरचा हिशेब पण टाका.

ए-१०१ सेक्रेटरी, ८:४७
इथं आरोग्याचं चालूय.

बी-३०२ काकू, ८:५५
ग्लास कधी निघणार?

सी-२०३ डॉक्टर, ९:१०
काकू, ग्लास काढाच, पण तुमची भीती चुकीच्या जागी आहे. खरी जोखीम बारशात आहे. बाळ १२ दिवसांचं असेल. ओठावर फोड असलेल्यानं त्याची पापी घेतली तर तो विषाणू मेंदूपर्यंत, लिव्हरपर्यंत जाऊ शकतो. दूध ओढेना, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, अंगावर फोड दिसले तर त्याच घडीला हॉस्पिटल. शिरेतून असायक्लोविर द्यावं लागतं, सकाळची वाट बघायची नाही.
फोड असणाऱ्यानं बाळ घेऊच नये. घरातलंच कोणी असेल तर मास्क आणि साबणानं हात. आईच्या ओठावर असेल तर तिनं दूध पाजावं, फक्त पापी नाही. छातीवर फोड असतील तरच त्या बाजूचं दूध थांबवायचं.

सी-१०४ आजोबा, ९:१६
अहो पण आत्या-मावश्या पापी घेतल्याबिगर राहतेत का?

ए-२०२ ताई, ९:१८
लांबून अलाबला घ्या म्हणावं, बोटं मोडा कडाकडा.

बी-१०५ मेडिकल, ९:२५
अजून एक. फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नका. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर सरळ डोळ्याचे डॉक्टर. ओठाचं क्रीम डोळ्यात चालत नाही. अन् घरातले जुने स्टेरॉइडचे ड्रॉप घातले तर बुबुळावर जखम वाढते, नजर जाऊ शकते.

बी-३०२ काकू, ९:४०
डॉक्टरसाहेब, आभारी आहे. ग्लास?

ए-१०१ सेक्रेटरी, ९:४२
साखळीला कुलूप आहे. चावी जुन्या कमिटीकडं.

ए-४०३, ९:४३
जुन्या कमिटीनं चावी हिशेबाच्या वहीसोबत दिली होती. वही सापडली का?

ए-१०१ सेक्रेटरी, ११:०५
वॉचमनकडून हॅक्सॉनं साखळी कापून घेतली. ग्लास निघाला. ज्यानं त्यानं आपापली बाटली आणावी. ब्लेडचे ४० रुपये मेन्टेनन्समध्ये धरतो.

बी-३०२ काकू, ११:११
धन्यवाद 🙏 रविवारी सगळ्यांनी यायचं. सेक्रेटरी साहेब, तुम्ही पण या, जेवायला. पाळण्यापाशी नको.

ए-४०३, ११:१२
४० रुपयांचं ब्लेड लगेच लिहिलं. मे महिन्याचे टँकर?