पॉव्हर्टी रेट : दारिद्र्य दर की दारिद्र्याचं प्रमाण?

चिंचोका : केनियातल्या शहरी गरिबीवरचं एक भाषांतर करतेय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. २०१५-१६ च्या पाहणीत अख्ख्या देशात ३६.१ टक्के लोक गरीब निघाले, खेड्यांत ४०.१, मुख्य शहरी भागांत २९.४, असं आहे. ह्याला दारिद्र्य दर लिहिलं तर नवरा म्हणे दर काढायला ती काय मेथीची जुडी आहे का. बरं, "दरडोई दरमहा ५,९९५ शिलिंग ही शहरी गरिबी रेषा" हे तरी बरोबर आहे का?

लेखणीबहाद्दर : प्रमाण लिही. जन्मदर, मृत्युदर ठीक, तिथे वर्षभरात किती ते मोजतात, इथे नुसतं शंभरात किती. साक्षरतेचं प्रमाण म्हणतोच की आपण. बेरोजगारीचा दर पेपरात रोज छापून येतो हे मान्य, पण त्यांनी छापलं म्हणून आपणही लिहायचं असं काही नाही. आणि रेषा म्हटली की दारिद्र्यरेषाच. एरवी तोंडात गरिबी असते, पण पिवळ्या रेशनकार्डाच्या रांगेतला माणूससुद्धा "आम्ही दारिद्र्यरेषेखालचे" असंच सांगतो.

आकडेमोड : थांबा, मोठी चूक दरडोईत आहे. ते ५,९९५ डोईमागे नाहीत, एका मोठ्या माणसामागे आहेत. केनियात चार वर्षांपर्यंतचं पोर ०.२४ धरतात, पाच ते चौदाचं ०.६५, पंधरापासून पुढे पूर्ण एक. म्हणजे नवरा बायको, एक तीन वर्षांचं आणि एक दहा वर्षांचं, असं घर चार डोयांचं नाही, २.८९ माणसांचं झालं आणि त्यांची रेषा साधारण १७,३०० शिलिंगला पडते. दरडोई म्हणून चारने गुणलंत तर तेवीस हजार नऊशे ऐंशी! "दर प्रौढामागे" लिहा आणि खाली एका ओळीत समजावून सांगा. आणखी एक, हे उत्पन्न नाही हां, खर्चावरून काढलेलं आहे. खेड्यातली रेषा ३,२५२ म्हणजे शहरातल्या निम्म्याच्या जरा वर, त्यामुळे दोन्हीकडचे शिलिंग शेजारी ठेवून कोण जास्त गरीब असं बोलू नका.

चिंचोका : बापरे, मी चारनेच गुणलं होतं 🙈 आणि स्लमला काय, झोपडपट्टी का वस्ती?

नैरोबीरिटर्न : तिथे स्वाहिलीत "म्टा वा मबांडा" म्हणतात, म्टा म्हणजे मोहल्ला, वा म्हणजे "चा" आणि मबांडा म्हणजे शेडं, खोपटी. मी झोपडपट्टीच लिहीन, वस्ती म्हटलं की जरा गुळगुळीत होतं. नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीचं नाव मात्र नूबी लोकांच्या भाषेतून आलंय, अर्थ जंगल, आता तिथे झाड शोधावं लागतं ते सोडा. पण मला सगळ्यात आवडलेला शब्द सुकुमा विकी, ही एक पालेभाजी, स्वस्तातली, आणि शब्दशः अर्थ आठवडा ढकल!! आपण दिवस ढकलतो, ते आठवडा ढकलतात. मामा म्बोगा म्हणजे भाजीवाली मावशी (मामा म्हणजे आई बरं का, आपला मामा नव्हे), ती गिऱ्हाईकासमोर तीच भाजी बारीक चिरून पिशवीत भरून देते, आणि शेजारच्या दुकानात तेल आजच्या फोडणीपुरतं मोजून मिळतं. दुकानाला शब्दही दुका, आपल्या दुकानासारखाच. ही अशी चिमूटभर खरेदी म्हणजे कडोगो. ह्याला मराठीत काय म्हणाल?

लेखणीबहाद्दर : आमच्याकडे "सुटं" म्हणायचे. सुटं तेल, सुटा चहा.

नैरोबीरिटर्न : सुटं म्हणजे पॅकबंद नसलेलं, ते पाच किलोही असू शकतं. कडोगोत थोडकेपणा आहे.

चिंचोका : मग कडोगोच ठेवते आणि पुढे "आजच्यापुरतं" लिहिते. शेवटचं, पेरी-अर्बनला निमशहरी चालेल? तिथे २७.५ टक्के आहे, शहरापेक्षाही कमी.

आकडेमोड : निमशहरी म्हटलं की तालुक्याचं गाव डोळ्यासमोर येतं. हे शहराला चिकटलेलं आहे, शहरालगतचा भाग लिहा.

चिंचोका : लिहिलं. संपादकांनी खोडलं तर परत येतेच भांडायला.